चुड्यावरची काळी पट्टी

पेणच्या कॉलेजात मला मुलींपुढे आत्मविश्वासावर बोलायला बोलावलं होतं. कासूकडची, भातशेतीवाल्याची मुलगी फोटॉनिक्समध्ये, म्हणजे प्रकाशाला कामाला जुंपायच्या शास्त्रात, एवढी पुढे गेली, याचं त्यांना कोण कौतुक! तासभर बोलले, टाळ्या घेतल्या. माझी मलाच किळस आली. माझा आत्मविश्वास कुठून आला, ते मी सांगितलंच नव्हतं.

पीएच.डी.ला मी आणि माझी एक मैत्रीण एकाच प्रयोगशाळेत होतो. ती रोह्याची, वडील धाटावच्या कंपनीत शिफ्टला. आमचं 'नाय' नि 'व्हय' ऐकून तिथली पोरं फिदीफिदी हसायची. मी तोंड बंद ठेवायला शिकले. ती मात्र "हसा हसा, दात पडतील एक दिवस" म्हणत खुशाल बोलायची. आणि हुशार म्हणाल तर माझ्या दुप्पट.

आमचा लेसर डोळ्यांना न दिसणारा. चकचकीत कशावर आपटून उलटा आला तर डोळा गेलाच समजा. म्हणून घड्याळ, अंगठी, बांगड्या बाहेर काढून ठेवायच्या, असा नियमच दारावर लावलेला. तिचं तर नुकतंच लग्न झालेलं, हातात हिरवा चुडा. तो आपोआप फुटून वाढेल तेव्हा वाढेल, हातानं उतरवायचा नाय, ही सासूची ताकीद. मग आम्हीच तोड काढली. रोज सकाळी मी तिच्या चुड्यावर जाड काळ्या कापडाची पट्टी गुंडाळायचे, वरून कोटाची बाही. "आवळ गो अजून, नवरा थोडाच बघतोय," ती म्हणायची.

त्या दिवशीही गुंडाळली होती. संरक्षक चष्म्यावर वाफ धरली म्हणून तिने तो जरासा वर केला. ही चूक तिची, मान्य. तेवढ्यात आमचे सर आरसा सरळ करायला टेबलावर वाकले. मनगटावर स्टीलचं घड्याळ. मला दिसलं. 'सर, घड्याळ' एवढंच बोलायचं होतं. पण सरांना टोकणारी मी कोण? मूग गिळून बसले. दुसऱ्याच क्षणी "आई गो!" म्हणून तिने उजवा डोळा धरला. त्या डोळ्याच्या मधोमध काळा डाग पडला, तो कायमचा.

सर म्हणाले, किरण तिच्या बांगड्यांवरून परतला. चोराच्या उलट्या बोंबा! चौकशी समितीने मला एकटीला आत बोलावून विचारलं, बांगड्या झाकलेल्या होत्या का? पट्टी माझ्याच हातची, दवाखान्यात नेताना सोडली तीही मीच. पण माझ्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. मी अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

अहवालात तिचा निष्काळजीपणा आला. तिची शिष्यवृत्ती बंद झाली, ती घरी गेली. तिची अर्धवट राहिलेली मोजमापं मी पूर्ण केली नि त्यावर माझा पहिला शोधनिबंध छापून आला. पुढे मला कुणी हसलं नाही. थू त्या आत्मविश्वासावर!

भाषण झाल्यावर पेणहून तशीच रोह्याला निघाले. वाटेतलं खांब गाव येईपर्यंत दोनदा वाटलं, ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगावी.

ती घरी शिकवण्या घेते. मला बघून तिने पोरांना सोडलं, चहा टाकला. कप ठेवण्याआधी बोटानं टेबलाची कड चाचपली. मी सगळं कबूल केलं, काही राखून ठेवलं नाही. वाटलं, आता शिव्या घालील. घालायलाच हव्या होत्या.

पोरांची उघडी राहिलेली वही तिने मिटली. मग म्हणाली, "म्हणजे पट्टी होती?"

"व्हय."

"त्या धक्क्यात मला त्या सकाळचं काय पण धड आठवत नव्हतं गो. तुझा जबाब त्यांनी वाचून दाखवला. म्हटलं, पट्टी असती तर हिने सांगितलंच असतं, ही खोटं बोलणारी नाय. मीच त्या दिवशी तशीच आत गेली असेन. म्हणून चूक कबूल करून सही केली." चहा तिने घेतलाच नाही. "तेव्हापासून मला माझाच भरवसा नाय. कडी लावली का, हिशेब बरोबर शिकवला का, चारचारदा बघते."

एवढं बोलून ती उठली आणि गॅस बंद आहे का, ते बघून आली.