मेसच्या अहवालातला शब्द

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळचा नाश्ता आटोपून मी मसाल्याच्या पुड्या बांधायला बसले होते. आमच्या शाळेतली मुलं तेरा दिवसांनी आफ्रिकेला निघणार होती, तीन महिन्यांसाठी. प्रत्येकाच्या बॅगेत तिखट, हळद आणि गरम मसाला अशा तीन पुड्या घालायच्या असा माझा नियम आहे. एका पिशवीत सगळा मसाला दिला आणि तीच बॅग विमानतळावर हरवली, असं एकदा झालं आहे. तेव्हापासून वाटण्या करते.

बाराजणांच्या पुड्या बांधून झाल्या आणि ऑफिसातून चिठ्ठी आली. बुधवारी सकाळी लस टोचायला जायचंय, नाश्ता साडेसहाला, अकराजणांचा.

शाळा म्हणजे मरोळच्या एका गल्लीतली तीन मजली इमारत. ख्रिस्ती मिशनरी होऊ पाहणाऱ्यांना इथे पाच महिने शिकवतात आणि मग परदेशी पाठवतात. मी नऊ वर्षं इथली मेस चालवते. मी हिंदू आहे. घरी पाच दिवसांचा गणपती असतो आणि त्या दिवसांत मी येणार नाही, हे नोकरी धरतानाच सांगितलं होतं. त्यांनी मान्य केलं. मीही त्यांच्या उपासाच्या दिवशी चुलीवर काही ठेवत नाही. यापलीकडे आमच्यात धर्मावरून बोलणं झालेलं नाही.

मुलांचा दिवस साडेपाचला प्रार्थनेने सुरू होतो. दुपारी एकपर्यंत वर्ग. मग कामाच्या पाळ्या: झाडलोट, संडास, भाजी, भांडी. जिथे जायचं तिथे पाणी लांबून आणावं लागतं, म्हणून लिफ्ट असूनही बादल्या जिन्याने वर न्यायच्या. शेवटच्या महिन्यात मला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायला सांगतात, तिथे रोज तोच खायचाय म्हणून. पहिल्या दिवशी निम्मी ताटं तशीच परत येतात. आठव्या दिवशी मुलं मागून घेतात.

सर, म्हणजे शाळेचे प्रमुख, रांचीकडचे. माणूस कसा आहे हे वर्गात कळत नाही, भांड्यांच्या मोरीवर कळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक मुलाबद्दल मेसमधून तीन ओळी लिहून द्यायच्या. मला इंग्रजी लिहिण्याचा सराव नाही. मी मराठीत लिहिते. अक्षरं हिंदीचीच, सर वाचतात. नऊ वर्षांत कधी अडलं नव्हतं.

चिठ्ठी घेऊन मी ऑफिसात गेले आणि अकरा कसे म्हणून विचारलं. तिथल्या बाईंनी कोण गळलं ते सांगितलं, कारण सांगितलं नाही.

ती चारकोपची मुलगी होती. आजोबा गिरणीत होते, वडील तिथल्याच औद्योगिक वसाहतीत फिटर. घर मालवणी. तिच्याशिवाय त्या घरात कुणी चर्चला जात नाही. ती जायला लागली तेव्हा आईने दोन महिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मग बोलायला लागली, पण इथे भेटायला एकदाही आली नाही. मुलीने एका दवाखान्यातली नोकरी सोडून इथे नाव घातलं होतं. तिला परत घरी पाठवणं म्हणजे नुसती सहल रद्द होणं नव्हतं. ज्यांनी तिला वेड्यात काढलं होतं त्यांच्यासमोर जाऊन तिला उभं राहायचं होतं.

मी परत आले आणि डाळ लावली. दुसरं काय करणार? ठरवणारे ते. जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघरात आली. तिने तिचा एप्रन धुऊन, घडी घालून आणला होता.

"मावशी, हा घ्या. मी उद्या सकाळी जातेय."

मी म्हटलं, काय झालं ते मला कळलेलं नाही. तेव्हा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुमच्या अहवालावरून झालंय. सर म्हणाले, मेसचा रिपोर्ट बरा नाही. तुम्हाला माझ्याबद्दल काही वाटत होतं तर तोंडावर बोलायचं होतंत. मी बोलते ना तुमच्या तोंडावर?"

ती रडत नव्हती, हे मला जास्त लागलं.

"मी वाईट काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"मग काय लिहिलंत?"

"काम चोख करते. वेळ पाळते. मुलगी धीट आहे."

ती मग हळूच म्हणाली, "धीट लिहिलंत? धीट?"

"हो. त्यात काय?"

"मावशी, सरांचं हिंदी आहे. हिंदीत ढीठ म्हणजे निर्लज्ज. कितीही सांगा, ऐकत नाही असा. कोडगा." ती टेबलाला टेकली. "वाट लागली ना माझी."

मी जन्मापासून मुंबईत. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी रोज हिंदी बोलते, पण हा शब्द माझ्या कानावरून कधी गेला नव्हता. तिला चल म्हटलं नाही. हात पुसले आणि एकटीच वर गेले.

सरांनी फाइल काढली. माझ्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलने रेघ मारली होती. त्यांना वाटलं होतं, शब्द तोच आहे, मराठीत जरा वेगळा लिहितात. मी अर्थ सांगितला: धीट म्हणजे न घाबरणारी. ते म्हणाले, तुम्ही आजवर कुणाबद्दल वाईट लिहिलं नाहीत, म्हणून मी ते खरं धरलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मुलीला बोलावून विचारलं असतं.

मला वाटलं, झालं. उठायला लागले तर त्यांनी बसायला सांगितलं. हा शब्द तुम्ही कशावरून लिहिलात, ते विचारलं.

कशावरून ते मला पक्कं माहीत होतं. सांगायची मात्र तयारी नव्हती.

याच बाराजणांत ओडिशाच्या डोंगरातली एक मुलगी होती. हिंदी जेमतेम, स्वभाव गरीब. मोठे टोप घासायची पाळी मी तीन आठवडे तिलाच दिली. मुद्दाम नाही, पण अगदी चुकूनही नाही. दुसऱ्या कुणाला दिली की कुरकुर ऐकावी लागते, ही बोलत नाही, एवढा साधा हिशेब. एका दुपारी सगळे जेवत असताना चारकोपच्या मुलीने भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता काढून माझ्यासमोर आणून ठेवला. म्हणाली, "मावशी, हे बरोबर नाही. ती बोलत नाही म्हणून तुम्ही तिच्या गळ्यात टोप मारता."

बाकीची अकराही जणं बघत होती. ती म्हणाली ते खरं होतं, म्हणूनच मला राग आला. मी पेन घेतलं आणि तिथल्या तिथे पुढच्या आठवड्याचे सगळे टोप तिच्या नावावर लिहिले. तिने तक्ता परत भिंतीला लावला. आठवडाभर घासले. तोंड वाकडं केलं नाही, मला टाळलंही नाही. शनिवारी येऊन विचारलं, "पुढच्या आठवड्यात कोण?" मी मग नीट फिरती पाळी लावली. तिला काही बोलले नाही. त्याच शनिवारी मी अहवाल लिहायला बसले होते.

हे सगळं मी सरांना सांगितलं. माझं हिंदी मोडकं, पण टोपाचा भाग सांगताना मला शब्द शोधावे लागले नाहीत. त्यांनी शेवटी एकच विचारलं, "ये तारीफ थी या शिकायत?"

कौतुक होतं असं म्हटलं असतं तर काम तिथेच झालं असतं. मराठीत अर्थही तोच आहे, खोटं कुणी म्हणू शकलं नसतं. पण मुलीला धीट म्हणताना आपल्याकडेही आवाज कसा काढतात ते मला माहीत आहे. माझी आई माझ्याबद्दल म्हणायची, धीट आहे हो आमची, आणि शेजारणी काय समजायचं ते समजायच्या. त्या शनिवारी मी तो शब्द लिहिला तेव्हा माझ्या मनात कुठला आवाज होता?

"दोन्ही," मी म्हटलं.

सर उठून खिडकीशी गेले. अडचण अशी होती की पीतज्वराची लस टोचल्यावर दहा दिवस उलटल्याशिवाय त्या देशात शिरता येत नाही. उद्याचा दिवस चुकला तर पुढचा वार आठवड्यानंतरचा, आणि विमान सतराला. तिकिटांची नावंही संध्याकाळी सहापर्यंत पाठवायची होती. तेव्हा साडेतीन झाले होते.

ते म्हणाले, एक शब्द नको, जे घडलं ते लिहून द्या. तुमच्याकडून झालं तेही लिहा. ते वाचून दुसऱ्या शिक्षकांशी बोलतो आणि ठरवतो. वचन देत नाही.

मी तिथेच बसून दीड पान लिहिलं. जिथे खोडावंसं वाटलं तिथे खोडलं नाही. सरांनी वाचलं, "कुरकुर" आणि "गळ्यात मारणे" यांचे अर्थ विचारले, आणि कागद घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. मी बाहेरच्या बाकावर बसले. आत आवाज चढल्याचं एकदा ऐकू आलं. वरिष्ठांना चारचौघांत टोकणारी मुलगी परक्या देशात नेऊन कशी चालेल, असं एकाचं म्हणणं होतं, हे मला नंतर कळलं. सरांनी त्यांना काय उत्तर दिलं ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाचला ते बाहेर आले आणि ऑफिसच्या बाईंना म्हणाले, बारा करा.

मुलगी गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी तिला निकाल सांगितला, आणि त्याच दमात ते टोप मी रागाने दिले होते हेही.

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

"मग घासलेस कशाला?"

"टोप तर कुणाला तरी घासायचेच होते ना."

तिला आनंद झाला असेल, पण दिसला नाही. हातातली चादर तिने पुन्हा दोरीवर टाकली. म्हणाली, "मावशी, एक घोळ झालाय. सरांनी दुपारी ऑफिसात जमा असलेला फोन परत दिला तेव्हा मी आईला कळवलं, उद्या घरी येते म्हणून. मला वाटलं ती टोमणे मारेल. पण ती उद्या बांगडे आणते म्हणाली. तिचा आवाज इतका बरा मी दोन वर्षांत ऐकला नव्हता." मग तिने फोन पुढे केला. "तुम्ही सांगा. मला नाही जमणार."

तक्ता काढून आणणारी मुलगी हीच. मी फोन घेतला.

आईने माझं सगळं ऐकून घेतलं. चूक माझी होती, मुलीची नव्हती, असं मी दोनदा सांगितलं. मग तिने विचारलं, "तुमी त्येंच्यातलेच काय?"

"नाही. मी आपल्यातलीच. इथे मेसमध्ये नोकरी करते."

त्यावर तिने विचारलं, "मगे तुमी तिका कित्याक जावक लायतास?"

मी तिला का जायला लावते? खरं तर मी तिला कुठेच जायला लावत नव्हते, माझी चूक निस्तरत होते. पण त्या बाईच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही एकच होतं. मी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "फोनार नको. हंय येवन सांगा," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी बाराजणांना उपमा वाढला. मुलगी पासपोर्टची पिशवी गळ्यात अडकवून रांगेत सगळ्यांत मागे उभी होती. सात वाजता गाडी आली, ती चढल्याचं मी पाहिलं, कोठाराच्या किल्ल्या ऑफिसात दिल्या आणि चारकोपला जायला निघाले.

आई माझ्याच वयाची निघाली. दार उघडल्यावर तिने माझ्या मागे पाहिलं, मी एकटीच आहे हे बघून आत वळली. मला पाणी दिलं. मी टोपांपासून सगळं पुन्हा सांगितलं, तिच्या मुलीने तक्ता काढून आणला तेही. तेवढ्या एका जागी तिने मान हलवली, जणू ही गोष्ट तिच्या घरातही घडून गेली आहे. जाऊ नको असं ती म्हणाली नाही. जा असंही म्हणाली नाही. विचारलं, "थंय तिका जेवक काय गावतला?"

मी मक्याच्या गोळ्याबद्दल सांगितलं. कसा करतात तेही सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं.

मग ती उठली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पेन दिलं. मी नोव्हेंबरच्या सतरा तारखेवर खूण करायला गेले तर तिने माझा हात धरला.

"जातली ती नको. येतली ती लिवा."

मुलगी फेब्रुवारीत परत येणार होती, आणि कॅलेंडर डिसेंबरला संपत होतं. मी डिसेंबरचं पान काढलं, खाली थोडी कोरी जागा होती तिथे मोठ्या अक्षरांत तारीख लिहिली, आणि कॅलेंडर तिच्या हातात दिलं.