हवेचा माहितीपट आणि अक्काचं भरीत

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये मी दर रविवारी संध्याकाळी पर्यावरणाचे माहितीपट दाखवतो, तेही फुकट. या फुकटानंच घात केला. पहिल्या खेळाला आलेली अकरा माणसं दाराला चिकटून बसली. मला वाटलं, लाजतायत. नंतर कळलं, शेवटी मी पाणी शुद्ध करायचं मशीन विकायला काढलं तर पटकन सटकता यावं म्हणून. दुसऱ्या खेळाला चौघं. मी आणि माझी थोरली बहीण, अक्का, धरून.

हॉलची किल्ली देणारे आबा, आमचे कॉलनीचे अध्यक्ष, मूळचे पारोळ्याकडचे, बोलीही तिकडचीच. ते म्हणाले, "भाऊ, योगावाला हॉल मांगी राहिनात. ह्या रविवारले निम्म्या खुर्च्या भरन्या नहीत, ते किल्ली वापस दे."

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. फळ्यावर लिहिलं, 'माहितीपट : हवेचं प्रदूषण. नंतर भरीत.' 'भरीत' जरा मोठ्या अक्षरांत.

रविवारी खुर्च्या भरल्या, सतरंज्याही भरल्या. अंधारासाठी मी खिडक्यांवर गोधड्या ताणल्या होत्या आणि हवेसाठी मागचा एकच झरोका उघडा ठेवला होता. त्या झरोक्याच्या बरोब्बर खाली अक्कानं कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून हिरवी वांगी टाकली. आमच्याकडे गॅसवर भाजलेल्या वांग्याला कोणी भरीत म्हणत नाही.

पडद्यावरचा गंभीर आवाज सांगत होता, पीक निघाल्यावर शेतातल्या काड्या जाळू नका. तेवढ्यात प्रोजेक्टरच्या झोतात धुराचे लोट नाचू लागले. पहिल्या रांगेतल्या एक काकू नाकाला पदर लावून कौतुकानं म्हणाल्या, "किती खरं दाखवलंय."

आबा खोकत उठले आणि झरोक्यातून येणाऱ्या धुराकडे बोट करून म्हणाले, "भाऊ, हाऊ तुना पिक्चर नही. वांगा शेतस."

माहितीपट थांबला, दिवे लागले, आणि इतके दिवस मी जिची वाट पाहत होतो ती चर्चा सुरू झाली. भरताच्या काड्या प्रदूषणात धरायच्या का? कोणी म्हणालं, वावरात जाळणं वेगळं. कोणी म्हणालं, धुराला काय कळतं वेगळं. एवढ्यात अक्का चिमटा घेऊन दारात आली.

"गॅसवर भाजू? खाल का?"

सगळ्या माना एकदम नकारार्थी हलल्या. शेवटी हात वर करून ठरलं : वावरात काड्या जाळायच्या नाहीत, फक्त भरतापुरत्या घरी आणायच्या. आबांनी दोन्ही हात वर केले होते.

जेवण उरकल्यावर मी गुपचूप किल्ली आबांपुढे धरली. खुर्च्या भरल्या होत्या खऱ्या, पण अर्धा माहितीपट बाकीच राहिला होता. आबांनी भरताच्या तेलकट बोटांनी ती माझ्याच शर्टाच्या खिशात टाकली.

"राहिलेला पिक्चर पुढला रविवारले दखाड," ते म्हणाले. "आनि चूल हॉलपाईन दूर मांड."

त्या शर्टावरचा डाग अजून गेलेला नाही.