मामांची पानथरी

कुणी कशावर जीव लावावा याला बंदी नाही. पण पानथरीवर जीव लावलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच असेल, आणि तो नेमका मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. गडहिंग्लजच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून मामा निवृत्त झाले, पण त्यांचा हा एक धडा काही संपला नाही. "काळजाचं कौतुक सगळ्यास्नी, मेंदूचा तोरा येगळाच, आणि हिचं नाव इचारलं की शिकलेली माणसंबी डोकं खाजवत्यात!" हे त्यांचं जुनं दुखणं. नवा माणूस भेटला की त्याच्या डाव्या बरगड्यांखाली बोट रोवून ते विचारत, "पावणं, हितं मुठीएवढी जांभळी पानथरी, म्हंजे पुस्तकातली प्लीहा हाय. वळख हाय का तुमची?" पावण्याला गुदगुल्या व्हायच्या आणि मामांना वाटायचं, गड्याला विषय आवडला.

रविवारी ते मटणाच्या दुकानात शिरले की रांगेतली माणसं कपाळाला हात लावत. बकऱ्याची पानथरी दिसली की मामा खाटकाला ती आडवी कापायला लावत आणि वर धरून सांगत, "ह्यो लाल लगदा, हितं रक्त गाळून निघतंय. ह्ये पांढरं ठिपकं म्हंजे पहारेकरी, रोगाचा जंतू वळखणारं." मागून कुणीतरी ओरडायचं, "सर, आमचा रस्सा कवा शिजायचा?" खाटीक मात्र मन लावून ऐकायचा. हातकणंगल्याच्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. दोन जड खुर्च्या जवळजवळ मांडल्या आणि वऱ्हाडाला मधल्या फटीतून जायला लावलं. तरणी पोरं अंग चोरून सटकली. नवरदेवाचे काका अडकले ते अडकलेच. "बघा!" मामा आनंदानं ओरडले. "रक्तातल्या तांबड्या पेशीचं आयुष्य एकशेवीस दिवसांचं. तरणी असती तवर लवचीक, पानथरीतल्या बारीक फटीतनं सुळकन जाती. म्हातारी झाली की ताठरती, अडकती, आणि मग भक्षक पेशी तिला गट्टम करत्यात. पर टाकून देत न्हाईत काय! तिच्यातलं लोखंड परत हाडाच्या मगजात धाडत्यात, नव्या पेशीसाठी. रंग उरतो त्यो यकृताकडं, पित्तात." काकांना बाहेर ओढायला चौघे लागले, आणि ते घर आजही आमच्याशी बोलत नाही.

गेल्या वर्षी आम्ही दोघे त्यांच्या स्कूटरवरून गगनबावड्याच्या रस्त्यानं निघालो होतो. मागे बसलेल्या मला माझी चूक अजून बोचते. मी सहज विचारलं, "मामा, नेमकी कितव्या बरगडीखाली हो?" झालं! मामांनी डावा हात हँडलवरून काढला आणि स्वतःच्या अंगावर बरगड्या मोजायला घेतल्या. "नऊ, धा..." अकराव्याला गतिरोधक आला. मी उसात पडलो, मला खरचटलंसुद्धा नाही. मामांच्या बरगडीत हँडल घुसलं, आणि कुठं म्हणाल तर बरोबर तिथंच.

डॉक्टर म्हणाले, पानथरीला चीर गेली आहे. रक्त थांबलं तर ती वाचेल, नाहीतर काढावी लागेल. मामा पांढरेफटक पडले होते, तरी म्हणाले, "मला काय बी होऊ दे, तिला हात लावू नका." मामींनी पदराआडून त्यांना एक सणसणीत शिवी दिली. दुसऱ्या दिवशी खाटीक डबा घेऊन हजर. "सर, तुमची फुटली म्हणं. म्हणून दोन आणल्यात, सुक्क्या. तोंडातनं पोटात गेली की जाग्यावर बसतीया बघा!" जन्मभराच्या शिकवणीचं हे फळ बघून मामांना हसू फुटलं, आणि हसता हसता कळ आली. त्यांना तोंडानं काही द्यायचं नव्हतं, म्हणून तो डबा मी संपवला. फारच झकास झाला होता.

तिसऱ्या दिवशी रक्तदाब घसरला आणि पानथरी काढावी लागली. मामा वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आता म्हाताऱ्या पेशींचं कोण बघणार?"

"यकृत बघेल, सर, बरंचसं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही मात्र लसी घ्यायच्या, आणि ताप आला की अंगावर काढायचा नाही."

"बघंल की," मामा म्हणाले. "पर माझी लई मन लावून करत हुती."

तपासणीला धाडण्याआधी डॉक्टरांनी त्यांना ती बरणीत दाखवली. मामांनी बरणीवर हात ठेवला. "सत्तर वर्सं राबलीस. कधी सुट्टी मागितली न्हाईस. आणि दुसऱ्याला दाखवायच्या नादात मीच घालवली तुला."  मी तोंड खिडकीकडे वळवलं, खोटं कशाला सांगू.

चाळीस वर्षांच्या संसारात मामींनी हा धडा एकदाही ऐकला नव्हता. सुरू झाला की त्यांना चुलीवरचं दूध आठवायचं. त्या दिवशी त्यांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि म्हणाल्या, "काय करत हुती हो ती? मला सांगा की."

मामांनी डोळे पुसले. "रक्त आत येतं..." त्यांनी अगदी हळू आवाजात सुरुवात केली, आणि मामी पार शेवटापर्यंत बसून राहिल्या.