आक्कानं सोडून दिलेलं मत

आक्का गेल्याचा निरोप सदलग्यात लेकीच्या घरी पोचला तेव्हा मी तिच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू वळत होते. निपाणीहून आलेला आमचा गाडीवान उंबऱ्याबाहेरच थांबला आणि म्हणाला, "थोरल्या वैनी गेल्या. आप्पांनी तुमास्नी बोलवलंय." मी विचारलं, "कुठं गेल्या?" आता हसा खुशाल. पण स्वयंपाकघर आणि मागचं अंगण एवढाच जिचा मुलूख, ती बाई जाईल कशी, हेच मला कळेना…

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आप्पा तिचे मालक, माझे दीर. त्या दोघांची गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण मोठ्यानं कुणी सांगत नाही. आता स्वराज्य आलं, म्युनिसिपालटीच्या प्रेसिडेंटाच्या खुर्चीत कुणी बसायचं यावरून पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे. म्हटलं, त्या खुर्चीची किंमत आमच्या घरात कुणी मोजली ते एकदा लिहावं.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा वयानं कोवळी होते आणि अकलेनं त्याहून. आप्पा प्रेसिडेंट होणार म्हटल्यावर मला वाटलं, इंग्रजानं निपाणीचं राज्यच आमच्या माजघरात आणून ठेवलंय. आरशापुढं उभं राहून मी थोरामोठ्यांच्या बायकांसारखी मान हलवून बघायची. कलेक्टरची मडम घरी आली तर तिला हळदीकुंकू लावायचं की नाही, या काळजीनं मी झुरत होते. ती मडम कशाला येतीय! पण मूर्खाला फुरसत फार.

आप्पांना खुर्चीचा सोस नव्हता. खालच्या गल्लीतल्या विहिरीला लागून गटार वाहायचं, आणि दर उन्हाळ्यात पटकीची साथ तिथूनच उठायची. आप्पा-आक्कांचा एकुलता मुलगा, नुकता पाऊल टाकायला लागलेला, असाच एका दिवसात गेला होता. तेव्हापासून आप्पांनी एकच धरलं: ती विहीर बुजवायची आणि गावात नळ आणायचा. अर्ज करून करून ते थकले. "अर्ज करणाऱ्याला पाणी मिळत न्हाय, सही करणाऱ्याला मिळतंय," असं म्हणाले आणि निवडणुकीला उभे राहिले.

तेव्हा प्रेसिडेंट गाव निवडत नसे. निवडून आलेले मेंबर आपल्यातल्याच एकाला निवडत, म्हणून मेंबर ज्याच्या ताब्यात त्याची खुर्ची. आमच्या बाजूला पलीकडच्यांपेक्षा एकच मत जास्त होतं. ते फुटू नये म्हणून आपल्या सगळ्या मेंबरांना आप्पांनी चिकोडीच्या रस्त्यावरच्या आमच्या मळ्यात नेऊन ठेवलं, आणि रांधायला आम्हा दोघी जावांना. आमचं जैनाचं घर, कांदा-लसूण नाही, दिवस बुडायच्या आत जेवणं. तातोबा म्हणून एक हसरा मेंबर होता, तो रोज ओरडायचा, "वैनी, एक कांदा तरी दावा हो, खात न्हाय, नुसता वास घेतो!" मी पदरात तोंड घालून खिदळायची. गावचा कारभार म्हणजे पोळीवर तूप वाढणं, अशी माझी ठाम समजूत झाली होती.

निवडणुकीच्या आदल्या दुपारी तातोबाची म्हातारी आई उन्हातून चालत मळ्यावर आली. फाटकावरच्या गड्यांनी तिला वाटेला लावलं, "तातोबा हितं न्हाय आजी, परगावी गेलाय." म्हातारी म्हणाली, "आन् त्येचं पायताण एकटंच आलतं व्हय रं हितं?" तरी तिला कुणी आत सोडलं नाही. मग ती वळसा घालून मागं आमच्या चुलीपाशी आली आणि धपकन खाली बसली. "नातीला पटकी लागलीया. बाबा बाबा करतंय लेकरू…"

आक्का पिठाच्या हातानं उठली. आप्पांना मागं बोलावून घेतलं.

"सोडा त्येला."

"उद्या सकाळपतोर थांब. हे एक मत गेलं तर समदं गेलं. नळ आला तर किती पोरं वाचतील, इचार कर."

"आपला बाळ गेला तवा तुमी उशाला हुता. त्येला बी असू दे."

 आप्पा पाठ फिरवून पुढं निघून गेले. आक्कानं जाऊन तातोबाला स्वतः सांगितलं. तो तसाच अनवाणी पळाला. आणि मी? मी विचारलं, "आक्का, म्हंजे आता आपण प्रेसिडेंट न्हाय व्हय?" ती म्हणाली, "पोळी करपतीया, बघ."

दिवेलागणीला पोरीनं बापाच्या मांडीवर जीव सोडला. दुसऱ्या दिवशी तातोबा मत द्यायला आला नाही, कसा येईल? मतं सारखी पडली, चिठ्ठी टाकली, ती पलीकडच्यांची निघाली. नव्या प्रेसिडेंटांनी बाजारात आपल्या नावाची कमान उभारली. विहीर तशीच राहिली.

त्या संध्याकाळी आक्का वाढायला आली तेव्हा आप्पांनी ताटावर हात आडवा धरला. "धाकटीला वाढू दे." एवढंच. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. तेव्हापासून रांधायचं आक्कानं आणि वाढायचं मी. पुढच्या उन्हाळ्यात खालच्या गल्लीतून तिरड्या निघाल्या. दारावरून एक तिरडी गेली की आप्पा स्वयंपाकघराकडं एकदा बघायचे. त्या बघण्यानं आक्का दर उन्हाळ्यात थोडी थोडी मेली… मला एकदा म्हणाली, "माझं चुकलं का गं?" मी आमटीचं भांडं उचललं आणि वाढायला गेले. 

पुढं नळ आला, भलत्याच कुणाच्या सहीनं. पहिली कळशी आक्कानं देवापुढं ठेवली. मला वाटलं, आता तरी… पण त्या दुपारीही मीच वाढलं.

आता रांधतेही मीच. परवा आप्पांनी पहिला घास घेतला आणि ताट जरा पुढं सरकवलं. "हे तिच्या हातचं न्हाय." जीभ चावून धरली मी, न्हायतर विचारलं असतं, मग इतकी वर्षं कुणाच्या हातचं खात हुता?

मी आत गेले. स्वयंपाकघराच्या दाराआड, खांद्याच्या उंचीला, भिंतीचा चुना घासून गेला आहे. आप्पा जेवायला बसले की आक्का तिथं टेकून उभी राहायची. मीही टेकून बघितलं. मला आपलं वाटायचं, तिथून तिला त्यांचं तोंड दिसत असेल, भाजी आवडली का ते कळत असेल. तिथून फक्त त्यांची पाठ दिसते.