शरणम्माची शीळ

"अक्का, खरखर काढली की समदी! आता आनि काय काढू?"

"खरखर काढलास, आन तिच्यासंगट माजी आईबी काढलास की रं!"

मंद्रूपची दाक्षायणीअक्का बाकड्यावर मांडी घालून बसली, ती उठेचना. रेवणप्पाचं सोलापुरात जुन्या कॅसेटी सीडीवर करून द्यायचं दुकान. टेप दुरुस्त करता करता तो या धंद्यात आला, आणि कंप्यूटर शिकल्यापासून आवाज धुऊन काढायचं त्याला वेडच लागलं. गिऱ्हाइकापुढं आधी जुनं वाजवायचा, मग नवं, आणि भुवया उडवायचा. शाबासकी मिळेपर्यंत सीडी काही हातात देत नसे.

अक्काची आई शरणम्मा मागल्या साली गेली. तिच्या जात्यावरच्या ओव्यांची ही एकच कॅसेट. सोमवारी पुण्यस्मरणाला भाऊबंदांना सीडी वाटणार, असं अक्का गावभर सांगून बसलेली.

"ह्यो आवाज कुनाचा म्हनायचा? गुळगुळीत! आईचं म्होरलं दोन दात पडल्यालं. ओवीत देवाला 'सिद्रामा' म्हनली की शीळ वाजायची. नातवंडं लई चिडवायची तिला. ती शीळ कुटं हाय?"

रेवणप्पानं धुतलेला आवाज पुन्हा लावून ऐकला. कंप्यूटरनं शीळसुद्धा खरखरच धरली होती, आणि यानं बटण दाबून दोघींना एकदमच हाकललं होतं. पण तसं तोंडानं कबूल करणं त्याच्या जिवावर आलं.

"बसा वाईच," एवढंच म्हणाला.

त्यानं टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, कॅसेट लावली, आणि हेडचा बारका स्क्रू पेचकसानं केसभर इकडं, केसभर तिकडं करत कान लावून बसला. आधी आवाज घोंगडीखालनं आल्यागत. मग एकाएकी उघडला. जात्याची घरघर, बांगड्या. खरखर तर होतीच. आणि 'स' आला की तिच्यातनं बारीक शीळ.

अक्का खदखदा हसली. "आली की गं बोळकी!"

"पर खरखर ऱ्हाईल, अक्का. पावनं म्हनतील, रेवणप्पानं काम बिगडीवलं."

"म्हनू देत. जो म्हनंल त्याला जात्यावर बसवू. दळ म्हनावं आदी."

रेवणप्पालाही हसू फुटलं. या खेपेला त्यानं धुलाईचं बटण शिवलंसुद्धा नाही. येतंय तसं उतरवून घेतलं. तेवढ्यात वैरागचं एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं.

"माजं झालं का?"

"झालं हुतं. पर लई धुतलं गेलंय, पुन्यांदा करतो. उद्या या," तो म्हणाला, आणि अक्कासाठी कोरी सीडी आत सारून वैरागच्या कॅसेटीच्या मागं लागला.