ओटा हाय का?

परदेशात घर घेताना माणसं पन्नास गोष्टी विचारतात. शाळा किती लांब, भिंतींना ओल येते का, हिवाळ्यात घर उबदार राहतं का. माझ्या आईने गावाहून, मार्गासनीहून फोनवर एकच विचारलं, "ओटा हाय का?"

नवऱ्याला इंग्लंडमध्ये नोकरी लागली आणि भोरमधला फ्लॅट विकून आम्ही दोन मुलींना घेऊन गेलो. वडील आदल्याच वर्षी गेले होते, त्यामुळे मार्गासनीच्या घरात आई एकटी राहिली. तिला कायमचं नेण्याची तिथल्या कायद्यात सोय नव्हती. पण स्वतःचं घर झालं की वर्षातले काही महिने तू आमच्याकडे राहायचंस, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिनेही आढेवेढे न घेता अट घातली होती. "येईन की. पण ओटा पायजे बाई. न्हाईतर माजं मन न्हाई लागायचं."

मला तिचं कौतुक वाटलं. जन्मभर चुलीपुढे बसून स्वयंपाक केलेली बाई, गुडघे पार कामातून गेलेले. आता उभ्याने स्वयंपाक करायला ओटा हवा म्हणतेय, म्हणजे बरोबरच आहे, असं मी नवऱ्याला समजावून सांगितलं.

आमच्या ऐपतीत दोनच घरं बसत होती. पहिल्याला दारापुढे तीन पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांना लागून एक रुंद दगडी बैठक. समोर बसथांबा, शेजारी छोटंसं दुकान. घर दाखवणारी बाई कौतुकाने सांगत होती, की आधीच्या मालकीणबाई म्हातारपणी दिवसभर तिथेच बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाशी बोलायच्या. मी तिला मध्येच तोडलं आणि विचारलं, स्वयंपाकघर इतकं लहान का? दुसऱ्या घराचं दार सरळ फुटपाथवर उघडत होतं. पुढे ना पायरी ना अंगण. पण आत काळ्या दगडाचा हा लांबच लांब ओटा! मुलींना पहिलं घर हवं होतं, नवऱ्यालाही. मी हट्टाला पेटले. आईने आयुष्यात एकदा काही मागितलंय, तेवढंही द्यायचं नाही का, असं म्हणून मी सगळ्यांची तोंडं बंद केली.

सही झाल्यावर तिला फोन केला. "ओटा आहे बरं का, चांगला मोठा, दगडी."

"दगडी? मंग झ्याक." तिचा आवाज इतका खुलला की मला भरून आलं. व्हिडिओवर दाखवते म्हटलं, तर म्हणाली, "आता डोळ्यानंच बघीन."

मे महिन्यात ती आली. सगळ्या खोल्या पाहिल्या, मुलींच्या पलंगांवरून हात फिरवला. मग पुढचं दार उघडून थोडा वेळ बाहेर पाहत उभी राहिली. मागचं दार उघडलं, तिकडे कचऱ्याचे डबे.

"ओटा कुठं हाय गं?"

मी हसत तिला हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि तो हात त्या थंडगार काळ्या दगडावर ठेवला. "हा काय!"

तिने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्यो व्हय? अगं, ह्यो सैपाकाचा. म्या बसायचा म्हनत हुते."

मार्गासनीच्या आमच्या घरापुढचा ओटा मला विसरता येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. त्याच्यावर बसून मी पाढे पाठ केले. वावरातून येणाऱ्या बाया डोक्यावरचं ओझं त्याच्यावर टेकवून पाणी मागायच्या. वेल्ह्याची एसटी यायची असली की अर्धी आळी तिथेच बसायची. वडील गेले तेव्हा महिनाभर गावातलं कुणी ना कुणी आईशेजारी तिथे येऊन नुसतं बसून राहायचं. आणि मी लग्न करून भोरच्या फ्लॅटमध्ये गेले, सोळा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ओटा पुसला, आणि ओटा म्हणजे तेवढंच राहिलं. आई माझीच भाषा बोलत होती. मला ती कळली नाही, याची लाज अजून जात नाही.

तिने तक्रार केली नाही. दाराच्या आत खुर्ची टाकून, दार उघडं ठेवून ती बसायची. जाणारे-येणारे हसायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे. एकदा एका भल्या गृहस्थाने मला घंटा वाजवून विचारलं, आजींना काही मदत हवी आहे का? सातव्या आठवड्यात ती म्हणाली, "आता जाते. भाताची लावणी आली." गुडघ्यांमुळे कित्येक वर्षं ती चिखलात उतरलेली नव्हती. मी एका शब्दाने अडवलं नाही. काय तोंडाने अडवणार?

ते पहिलं घर माझ्या कामाच्या वाटेवर आहे. बैठकीवर आता कुणी फुलांच्या कुंड्या मांडल्यात. त्या कुंड्यांचा मला उगाचच राग येतो.

यंदा दिवाळीला मार्गासनीला गेले. आईला आता लांबचा प्रवास झेपणार नाही, असं भोरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो, ती सुपात तांदूळ निवडत. शेजारच्या काकू आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या.

"तुज्या तिकडच्या घराला लई मोठा ओटा हाय म्हनं. तुजी आई सांगत हुती. गोऱ्या बाया येऊन बसत्यात, हिच्या हातचा चा पित्यात."

मी आईकडे पाहिलं. तिची मान सुपातच.

"हो काकू," मी म्हणाले. "मोठा आहे."

"मंग एवढा ओटा सोडून ही परत कशाला आली गं?"

मी काही बोलायच्या आत आईने खडा उचलून बाहेर टाकला.

"लावणी हुती न्हवं," ती म्हणाली.