रविवारचा फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाय. आमच्या मालकालाबी नाय — ते गेले, तरी तोंडातून निघालं नाय. तू बस जरा. ऐक.

माझा दत्तू टेरिटोरिअल फौजेत व्हता. म्हंजी एरवी घरी मळा करायचा, फौजेनं बोलावलं की जायाचं. लगीन होऊन वरीस झालं नव्हतं तर बोलावणं आलं, ते एकदम आफ्रिकेचं. "लढाई नाय आये," म्हणला, "भांडणाऱ्यांच्या मधी उभं राह्याचं, निळी टोपी घालून." मधी उभा राहतो त्यालाच आधी लागतं — एवढं मला कळत नव्हतं का?

आमच्या सायखेड्याला किराणा दुकानात फोन व्हता. रविवारी सकाळी दत्तूचा यायचा. दोन-चार मिनिटं, आवाज विहिरीतून आल्यावानी. "आये" म्हणायचा. त्या एका हाकेवर मी आठवडा काढायची — भाकरी थापताना तीच कानात. आन् माझी सून, सुरेखा? तिनं कशावर काढायचा आठवडा?

रविवारी मी तिला झेंडू तोडायला वावरात धाडायची. सोमवारी फुलं नाशकाला जायची, तोडणी लागायचीच — ते काय खोटं नव्हतं. नवी सून चार माणसांत नवऱ्याशी बोलत नसे, तेबी खोटं नव्हतं. मी त्याच्याआड लपले. तिला म्हणायची, "दुकानात सारा गाव बसलेला, बरं दिसतं का?" आन् तो इचारायचा, "सुरेखा आली का गं?" तर सांगायची — लाजती रे, नको म्हणती.

नको म्हणती. ती एकदाबी तसं म्हणली नव्हती. मलाच तो आवाज वाटून द्यायचा नव्हता.

एका रविवारी असंच बोलून फोन ठेवला, मागं वळले — तर ती पायरीवर. बोटं झेंडूनं पिवळी. सारं ऐकलं व्हतं. पदर सारखा केला आन् वावराकडं गेली. पुढच्या रविवारी तरी तिला न्यावं का नाय? मी एकटीच गेले.

दत्तू सुखरूप आला. जेवताना हसत तिला म्हणला, "एकदा तरी यायचं फोनवर. मी काय खात व्हतो का?" माझा हात परातीत तसाच ऱ्हायला. ती भाजी वाढता वाढता म्हणली, "मला त्या डबड्याचं भ्या वाटायचं."

लय हसला तो. मीबी हसले. त्याच्यासंगं मीबी हसले गं.

लय वर्सांनी त्याला पुन्यांदा तिकडं धाडलं. तवर घरात मोबाईल व्हता, सुरेखाचा. वाजला की ती पळत आणून आधी माझ्या कानाला लावायची, आन् आपण दारात जाऊन उभी राह्याची, पाठमोरी, माझं होईस्तोवर.

जेवला का, बरा हायेस ना — एवढं बोलायची आन् फोन तिला द्यायची. देताना तिच्या तोंडाकडं मी कधी बघितलं नाय.